जुनी काच: आधी पारख, मग नाव, शेवटी किंमत

नागपूरच्या महाल, इतवारी, धंतोली भागातली जुनी घरं हळूहळू रिकामी होत आहेत आणि त्या घरांतली पुढची पिढी वर्धा रोडला, मिहानच्या आसपासच्या फ्लॅटमध्ये राहायला येते आहे. सामान आवरताना हमखास दोन तऱ्हेची काच हाती लागते. एक पणजोबा-आजोबांच्या काळातली: छताला टांगायच्या हंड्या, झुंबराचे सुटे लोलक, गुलाबदाणी, रंगीत पेले, कंदिलाच्या चिमण्या. दुसरी अलीकडची: नोकरीनिमित्त युरोपात राहून आलेल्या मुला-मुलींनी व्रोत्स्वाफ किंवा क्राकूफच्या जुन्या बाजारातून हौसेनं आणलेली, जाड काचेची धुरकट फुलदाणी किंवा किरणांसारख्या रेघा असलेलं ताट.

या दोन्हींच्या वाट्याला सारखंच दुर्दैव येतं. एक तर ती भंगारवाल्याकडे जाते, नाहीतर तिला ‘बेल्जियम’, ‘मुरानो’ असं एखादं भारदस्त नाव चिकटतं आणि मग त्या नावाच्या भरवशावर भलतीच किंमत सांगितली जाते. दोन्हीकडे वस्तू नीट पाहायची राहूनच जाते. म्हणून या लेखात एकच क्रम सांगायचा आहे आणि तो पाळावा असा आग्रह आहे: वस्तू कशी घडवली ते आधी पाहा, काच कसली आहे ते तपासा, वय अजमावा, मग खूण शोधा, नाव त्यानंतर द्या आणि किंमत सगळ्यात शेवटी काढा.

घडण कशी आहे?

वस्तू उजेडात धरा आणि बोटाचं टोक तिच्या अंगावरून हळू फिरवा. वरपासून खालपर्यंत जाणारी बारीक, उठलेली रेघ लागली, तर ती साच्याची शिवण असते. साच्यात वितळलेली काच ओतून वरून दट्ट्यानं दाबली, की दाबकाच तयार होते. अशा वस्तूची नक्षी बाहेरून उठावदार असते आणि आतली बाजू बहुधा गुळगुळीत असते. नक्षीच्या कडा मऊ, किंचित गोलसर लागतात. हातानं चाकावर कापलेल्या काचेच्या कडा मात्र धारदार असतात आणि नक्षीत बारीकसा फरक दिसतो. एक फूल दुसऱ्या फुलासारखं तंतोतंत नसतं.

आता वस्तू उलटी करा. फुंकून घडवलेली वस्तू पूर्ण करताना कारागीर तिच्या तळाला लोखंडी सळई चिकटवतो आणि काम संपलं की ती तोडून काढतो. त्या जागी खरखरीत वण राहतो किंवा तो घासून काढल्यामुळे गोल, गुळगुळीत खळगा दिसतो. असा वण किंवा खळगा असला तर वस्तू हातानं घडवलेली असण्याची शक्यता वाढते. पण तो नाही म्हणून वस्तू हलकी ठरत नाही. दाबकाचेतही नामवंत कलावंतांनी घडवलेल्या वस्तू आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

काच कसली आहे?

रोजच्या वापरातली काच वाळू, सोडा आणि चुन्यापासून बनते. क्रिस्टल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारंपरिक काचेत शिशाचा ऑक्साइड असतो, साधारण २४ टक्के किंवा त्याहून जास्त. शिशामुळे काच जड होते, जास्त चमकते आणि कापायला सोपी जाते. काठावर नखानं हलकेच टिचकी मारली तर पातळ क्रिस्टलचा नाद लांबत राहतो. पण एकट्या आवाजावर विसंबू नये, कारण जाड तळाची वस्तू शिशाची असूनही मुकी राहू शकते.

घरच्या घरी करता येईल अशी याहून खात्रीची चाचणी आहे. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी वस्तूचं वजन घ्या. मग पाण्यानं भरलेलं पसरट भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी अधांतरी धरा. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये आणि तिच्या आत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर त्या काचेचं आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्यानं भागा. ६०० ग्रॅमच्या वाटीसाठी काटा २४० दाखवत असेल तर उत्तर २.५ येतं आणि ती साधी सोडा-काच असते. तो २०० दाखवत असेल तर उत्तर ३ येतं, म्हणजे काचेत शिसं भरपूर आहे. सोन्याचा मुलामा सुटत चाललेला असेल किंवा वस्तूला तडा असेल तर मात्र ही चाचणी करू नका.

यूव्ही टॉर्चही उपयोगी पडतो. अंधारात पिवळसर-हिरवी काच लख्ख पोपटी चमकली तर तिच्यात युरेनियम असण्याची दाट शक्यता असते. बोहेमियातल्या रीडेल घराण्यानं १८३० च्या दशकात अशी काच प्रसिद्धीला आणली आणि पुढे युरोपभर ती बनत राहिली. जुन्या साध्या काचेतल्या मँगनीजमुळेही फिकट हिरवी छटा दिसते, तेव्हा दोन्हींत गल्लत करू नका. युरेनियमची वस्तू शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही, तिच्यात खाणं-पिणं मात्र टाळावं. शिशाच्या सुरईत मद्य, सरबत किंवा लोणचं साठवून ठेवणंही चांगलं नाही, कारण आंबट आणि मद्ययुक्त पदार्थांत शिसं उतरतं.

वय कुठे दिसतं?

वय तळाशी दिसतं. वर्षानुवर्षं लाकडावर, फरशीवर सरकलेल्या वस्तूच्या तळकडेवर वेड्यावाकड्या दिशांनी गेलेले असंख्य सूक्ष्म ओरखडे असतात आणि ते फक्त वस्तू जिथे टेकते तिथेच असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेनं गेलेले, एकाच खोलीचे दिसले तर कोणीतरी सॅंडपेपरनं ‘जुनेपण’ आणलेलं असतं. सोनेरी मुलामा काठावर आणि हाताच्या पकडीच्या जागी आधी झिजतो. तो खोलगट भागात झिजलेला आणि काठावर ताजा असेल तर शंका घ्यावी.

काचेतले बुडबुडे पाहून लोक लगेच ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणतात. हे खरं नाही. बुडबुडे आजच्या हातकामातही असतात आणि काही कारखान्यांनी ते शोभेसाठी मुद्दाम सोडले आहेत.

खुणा आणि देशांची नावं

१८९० च्या अमेरिकी कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारी मालावरील खुणांचे कायदे झाले. त्यामुळे देशाचं नाव असलेली वस्तू बहुधा १८९० नंतरची समजावी. त्या नावावरून काळ आणखी आवळता येतो. ‘चेकोस्लोवाकिया’ हा देश १९१८ साली जन्मला आणि १९९२ अखेर संपला, तेव्हा ते नाव या काळातलंच. ‘मेड इन पोलंड’ हेही १९१८ पूर्वीचं असण्याची शक्यता नाही, कारण त्याआधी सव्वाशे वर्षं पोलंड नकाशावर स्वतंत्र देश म्हणून नव्हता.

सरहद्दी हलल्या तरी भट्ट्या तिथेच राहिल्या, हे इथे लक्षात ठेवावं. सायलेशियातल्या श्क्लार्स्का पोरेम्बा या डोंगरी गावात शाफगॉच या जहागीरदार घराण्यानं १८४२ साली योझेफिना काच कारखाना सुरू केला. तेव्हा गावाचं नाव श्रायबरहाऊ होतं आणि मुलूख प्रशियाचा होता. १९४५ नंतर तो भाग पोलंडमध्ये आला आणि कारखान्याला पुढे ‘यूलिया’ हे नाव मिळालं. यूलियाची परंपरा जवळच्या पिएखोवित्से गावात आजही चालू आहे. शेजारच्या बोहेमियातले कारागीर आणि नमुने इथेही येत-जात होते. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या वस्तूला आपण सहज ‘बोहेमियन’ म्हणतो तेव्हा ती आजच्या पोलंडच्या भूमीवरचीही असू शकते. पुरावा नसेल तर ‘बोहेमिया-सायलेशिया घडणीची’ एवढंच लिहावं. ते जास्त प्रामाणिक आहे.

पोलंडची युद्धोत्तर काच

युरोपातल्या जुन्या बाजारातून आपल्याकडे येणारी पोलिश काच बहुतेक १९६० ते १९८० च्या दशकांतली असते. ती ओळखताना चार नावं उपयोगी पडतात.

पहिलं झोंबकोवित्से. हा दाबकाचेचा कारखाना. यान सिल्वेस्टर द्रोस्त आणि एरिका त्शेविक-द्रोस्त या कलावंत दांपत्यानं इथे स्वस्त, घरोघरी जाईल अशा मालाला उत्तम रूप दिलं. यान द्रोस्त यांची ‘अॅस्टेरॉइड’ ही मालिका संग्राहकांच्या विशेष आवडीची आहे. अशा वस्तूला शिवण असणारच. इथे पारख करायची ती नक्षीच्या नेमकेपणाची, मापांची आणि रंगाची.

दुसरं झ्बिग्निएव्ह होर्बोवी. व्रोत्स्वाफच्या कला अकादमीशी आयुष्यभर जोडलेला हा कलावंत श्चित्ना गावातल्या सुदेती कारखान्यासाठी काम करत असे. जाड तळ, साधा घाट, धुरकट करडा, मधाळ किंवा गडद हिरवा असा एकच रंग आणि वरून नक्षीचा अभाव ही त्याच्या घडणीची ओळख. अनेक विक्रेते कुठल्याही धुरकट फुलदाणीला त्याचं नाव लावतात, तेव्हा कारखान्याच्या कॅटलॉगमधल्या चित्राशी माप जुळल्याशिवाय ते मान्य करू नका.

तिसरं क्रोस्नो. हा कारखाना १९२३ साली सुरू झाला आणि हातानं फुंकलेल्या काचेसाठी प्रसिद्ध आहे. चौथं यूलिया, म्हणजे कापकामाचं शिशाचं क्रिस्टल. त्याची चाचणी वर सांगितल्याप्रमाणे वजनावर करता येईल.

या काचेवर कायमची खूण क्वचितच असते. तिच्यावर कागदी किंवा रुपेरी लेबलं लावत आणि ती धुण्यात निघून गेली. परदेशी निर्यात ‘मिनेक्स’ या सरकारी संस्थेमार्फत होत असे, त्यामुळे लेबलावर ते नाव आढळलं तर काळाचा चांगला धागा मिळतो. मात्र लेबल एका वस्तूवरून दुसरीवर लावता येतं, तेव्हा वस्तूची घडण आणि लेबल दोन्हींची साक्ष जुळली पाहिजे. सगळ्यांत जास्त गोंधळ चेकोस्लोवाकियाच्या दाबकाचेशी होतो आणि दोन रंगांचे थर असलेली काच तर सर्रास ‘मुरानो’ म्हणून विकली जाते. तुलनेसाठी येलेन्या गूरा इथल्या कार्कोनोशे संग्रहालयाचा आणि व्रोत्स्वाफच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा काचसंग्रह पाहावा. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी एक फेरी जरूर मारावी.

महाराष्ट्राचा पोलंडशी जुना ऋणानुबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. पण ही माणसं सायबेरियातल्या हद्दपारीतून, इराणमार्गे, जवळजवळ रिकाम्या हातांनी आली होती. त्यामुळे ‘वळिवड्याच्या छावणीतली काच’ असं सांगून कोणी फुलदाणी विकू लागला, तर नावानिशी, कागदानिशी पुरावा मागा. त्या माणसांच्या दुःखाचा किमतीसाठी वापर होऊ देऊ नका.

हंडी, झुंबर आणि स्वदेशी काच

वाड्यातल्या हंड्या-झुंबरांना सरसकट ‘बेल्जियमची’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. खरं तर ती काच इंग्लंड, बोहेमिया अशा अनेक ठिकाणांहून येत होती. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची तर कलकत्त्यात स्वतःची पेढी होती. हंडी तपासताना तिच्या तोंडाचा काठ, साखळीची पितळी कडी आणि आत मेणबत्तीची की तेलाची सोय होती हे पाहा. पुढे विजेसाठी भोक पाडलेलं असेल तर किंमत थोडी उतरते. झुंबरात सगळे लोलक एकाच छटेचे आणि कापाचे आहेत का ते मोजा. बदललेले लोलक उजेडात जास्त पांढरे किंवा जास्त निळसर दिसतात.

आपली स्वदेशी काच मात्र अजून उपेक्षित आहे आणि हे मनाला लागतं. पैसा फंडाच्या, म्हणजे लोकांनी दिलेल्या एकेका पैशाच्या, बळावर तळेगाव दाभाडे इथे १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी परदेशात शिकलेलं तंत्र तिथे आणलं. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या पाठबळावर कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोचला. असा कंदील हाती आला तर पत्र्यावरची आणि चिमणीवरची अक्षरं भिंगातून वाचा, चिमणी मूळची आहे की बदललेली ते पाहा आणि गंज घासून लकाकी आणू नका. मूळ रंग आणि अक्षरं शाबूत असणं हीच त्याची श्रीमंती.

किंमत कशी काढावी?

एकाच वस्तूच्या किमती वेगवेगळ्या असतात. दुकानदार मागतो ती एक, दुकानदार तुम्हाला देऊ करतो ती दुसरी आणि तशीच वस्तू पुन्हा विकत आणायला लागेल ती तिसरी. विम्यासाठी तिसरी धरावी. विकायची असेल तर दुसरी कमीच असणार हे समजून चालावं, कारण दुकानाचं भाडं, प्रवासातली फूट आणि महिनोन्महिने गुंतून पडलेला पैसा दुकानदाराच्या माथी असतो.

इंटरनेटवर दिसणारी मागणीची किंमत पुरावा म्हणून धरू नका. प्रत्यक्ष विक्री झालेल्या, तोच नमुना, तेच माप आणि तोच रंग असलेल्या निदान तीन वस्तू शोधा आणि मधली किंमत धरा. पोलिश काचेसाठी तिकडच्या अॅलेग्रो या बाजारपेठेत आणि लिलावगृहांच्या निकालांत शोध घेतला तर इंग्रजी संकेतस्थळांपेक्षा खरा अंदाज येतो. त्या किमतीत भारतापर्यंतचा वाहतूक खर्च आपोआप मिळवू नका. नागपुरातलं गिऱ्हाईक तो देईलच असं नाही.

मग दोष वजा करा. काठावरचा टवका बोटाला लागतो. टवका घासून काठ सारखा केलेला असेल तर वस्तूची उंची मूळ मापापेक्षा कमी भरते. केसासारखा तडा उजेडात वस्तू फिरवताना चमकतो. चिकटवलेला सांधा यूव्ही उजेडात अनेकदा वेगळा दिसतो. फुलदाणीच्या आतला पांढरा थर नुसता क्षारांचा असेल तर निघतो, पण काचेचं अंगच झिजून आलेला धुरकटपणा निघत नाही. तड्यानं किंमत सगळ्यात जास्त घसरते. दुर्मीळ रंग, पूर्ण जोडी, मूळ झाकण आणि मूळ लेबल यांनी ती वाढते. सुरईला भलतंच झाकण बसवलेलं असणं हा नेहमीचा प्रकार आहे. झाकण फिरवून पाहा, ते घट्ट आणि सारखं बसलं पाहिजे.

नागपूरचा अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथे जुन्या वस्तू पाहून नजर तयार होते. किंमत लावून घेण्यासाठी संग्रहालयाकडे जाऊ नये, ते त्यांचं काम नाही. आणि जो माणूस वस्तूचं मोल सांगतो आणि त्याच दमात ती विकतही मागतो, त्याचा आकडा अंतिम मानू नका.

कायद्याची मर्यादा

मिहानच्या शेजारीच विमानतळ आहे म्हणून अमेरिकेतल्या लेकीला पणजीची हंडी पाठवून द्यावी, असा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असेल पण जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्यावं. ही शंभर वर्षांची रेघ दर वर्षी पुढे सरकते, आणि ओगलेवाडीचा सुरुवातीचा माल ती ओलांडतो आहे. पोलंडमधून वस्तू आणतानाही तिथल्या वय आणि किमतीच्या निर्यात-नियमांची चौकशी करा आणि खरेदीची पावती जपून ठेवा. ती कस्टमला दाखवायला आणि पुढे पुरावा म्हणून, दोन्हीकडे कामी येते.

धुणं, बांधणं, ठेवणं

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खिडकीतल्या उन्हानं तापलेली वस्तू लगेच गार पाण्यात बुडवू नका, तडा जाईल. प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घालून, कोमट पाण्यात सौम्य साबणानं एकेक वस्तू धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पातळ व्हिनेगरनं निघतात, मात्र सोनेरी मुलामा किंवा मीनाकाम असेल तिथे व्हिनेगर, अमोनिया आणि घासणी यांतलं काहीच लावू नका. डिशवॉशर तर नकोच.

घर हलवताना वर्तमानपत्राची शाई मुलाम्याला लागू नये म्हणून आधी पांढरा कागद किंवा सुती कापड गुंडाळा. झाकण आणि सुरई वेगवेगळी बांधा. एका खोक्यात दुसरं खोकं ठेवून मधे मऊ भर घाला. लोलक काढण्यापूर्वी झुंबराचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक फांदीचे लोलक क्रमांकाच्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

आणि एक नोंदवही

या सगळ्या खटाटोपाचं फळ टिकायचं असेल तर ते लिहून ठेवावं लागतं. प्रत्येक वस्तूसाठी वहीचं एक पान ठेवा. त्यावर उंची, व्यास, वजन, घडण, काचेचा प्रकार, खुणा, दोष लिहा. तळाचा आणि काठाचा फोटो लावा. वस्तू घरात कोणी, कुठून, केव्हा आणली हे घरातल्या थोरांना विचारून त्यांच्या शब्दांत टिपा. जे पाहून कळलं ते एका रकान्यात आणि जे ऐकून कळलं ते दुसऱ्या रकान्यात असू द्या, दोन्ही मिसळू नका. कारखान्याचं किंवा कलावंताचं नाव पुराव्यानं ठरेपर्यंत पेन्सिलीनं लिहा.

हे पान वस्तूबरोबर पुढच्या घरी, पुढच्या पिढीकडे गेलं पाहिजे. उद्या ती वस्तू विकायची झाली तर खरेदी करणाऱ्याला ते पान दाखवता येईल, आणि ठेवायची झाली तर आपण काय जपतो आहोत हे नातवंडांना कळेल. शोकेसमधल्या एकाच वस्तूपासून सुरुवात करा. भिंग, टॉर्च, टेप आणि स्वयंपाकघरातला काटा एवढ्यावर पहिलं पान भरता येतं.